बडोद्यातून फुटबॉलचे धावते समालोचन ऐकण्यासाठी डिजिटल रेडिओची जुळवणी

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांमधले संघ समोरासमोर आले की बडोद्यात आमच्या घरी दुपारी कोणी आडवे होत नाही. आजोबा कोल्हापुरातून इकडे आले, घर येथेच वाढले, पण फुटबॉलचे वेड मात्र पेठेतलेच राहिले. काकांची दृष्टी गेल्या काही वर्षांत मंदावली असून पडद्यावरचा चेंडू त्यांना दिसत नाही. त्यांच्यासाठी सामना म्हणजे समालोचकाचा आवाज, आणि तो आवाज मध्येच तुटला तर त्यांच्या लेखी सामनाच थांबतो. त्यांच्यासाठी रेडिओ, एरियल आणि संगणक यांची जी जुळवाजुळव करावी लागली, तिच्यातून हाती आलेली पद्धत येथे क्रमाने मांडत आहे.

आधी सामना कोणत्या वाटेने येणार ते ठरवावे

बहुतेक जण आधी संच विकत घेतात आणि मग त्यावर काय लागते ते शोधतात. हा क्रम उलटा आहे. समालोचन आपल्या घरी तीन वाटांनी येऊ शकते आणि प्रत्येक वाटेला वेगळी साधने लागतात.

पहिली वाट जमिनीलगतच्या लहरींची. मध्यम लहरींवरचे, म्हणजे मीडियम वेव्हवरचे प्रक्षेपण दिवसा जमिनीला धरून पसरते आणि प्रक्षेपक शक्तिशाली असेल तर शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत स्थिर राहते. बडोद्याहून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर वायव्येला असलेले आकाशवाणीचे अहमदाबाद केंद्र, ८४६ किलोहर्ट्झ आणि २०० किलोवॅट, हे या वाटेचे आपल्याकडचे सर्वांत भरवशाचे उदाहरण आहे. राजकोटचे ८१० किलोहर्ट्झवरचे ३०० किलोवॅटचे केंद्र पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे ते एरियल चांगले असेल तरच दिवसा नीट लागते.

दुसरी वाट आकाशातून परावर्तित होणाऱ्या लहरींची. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परत फिरून शेकडो किलोमीटरवर उतरतात. मुंबईची ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी रात्री बडोद्यात सहज ऐकू येते आणि दुपारी तिच्यासाठी कान टवकारावे लागतात, त्याचे कारण हेच. फुटबॉलच्या श्रोत्याला हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडचे स्थानिक सामने बहुधा दुपारी चारच्या सुमारास सुरू होतात आणि अंधार पडण्याआधी संपतात. रात्री दहाला चाचणी घेऊन 'उत्तम लागते' असा निष्कर्ष काढणाऱ्याची सामन्याच्या वेळी निराशा ठरलेली आहे.

तिसरी वाट इंटरनेटची. बडोद्याहून कोल्हापूर सरळ रेषेत सहाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि एफएमच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत, म्हणून तिथल्या स्थानिक समालोचनासाठी हीच एक वाट उरते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

परदेशातून आलेल्या संचाविषयी

बडोद्यातल्या घरांमध्ये इंग्लंडमधील नातेवाइकांकडून भेट आलेला डिजिटल रेडिओ बरेचदा दिसतो. त्यावर 'डिजिटल' असे लिहिलेले असले तरी तो डीएबी, म्हणजे डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग पद्धतीचा असतो. ही पद्धत १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि युरोपात रुळलेली आहे. आकाशवाणीने मध्यम आणि लघुलहरींसाठी डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल ही वेगळी पद्धत स्वीकारली. त्यामुळे डीएबी संच येथे कितीही वेळ स्टेशने शोधत बसला तरी त्याला काहीच सापडत नाही. संच बिघडलेला नसतो, म्हणून तो दुरुस्तीला देऊ नये. त्यातला एफएम विभाग येथे चालतो आणि संचात वाय-फाय असेल तर तो इंटरनेट रेडिओ म्हणून अतिशय उपयोगी पडतो.

तिकडच्या स्थानिक समालोचनाबाबतही एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. लेस्टरसारख्या शहरातले बीबीसीचे स्थानिक केंद्र आपल्या क्लबचे सामने आवडीने ऐकवते, परंतु प्रसारणहक्कांच्या करारांमुळे इंटरनेटवरचा तोच प्रवाह ब्रिटनबाहेर सामन्याच्या वेळी सहसा बंद केला जातो आणि त्याजागी दुसरा कार्यक्रम किंवा सूचना लागते. अशा वेळी क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर समालोचनाची अधिकृत सोय आहे का, हे पाहणे हाच सरळ मार्ग आहे.

डीआरएम म्हणजे काय आणि ते कशावर ऐकावे

साध्या मीडियम वेव्हमध्ये आवाज एकाच वाहक लहरीवर चढवलेला असतो. डीआरएममध्ये तोच आवाज अंकांत रूपांतरित करून, ९ किंवा १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसवलेल्या अनेक बारीक वाहक लहरींवर वाटून दिलेला असतो. एखादी बारीक लहर खराब झाली तरी उरलेल्यांवरून मजकूर जुळवता येतो. म्हणूनच संकेत पुरेसा असेल तेव्हा आवाज एफएमच्या जवळ जाईल इतका स्वच्छ येतो. परंतु संकेत एका मर्यादेखाली गेला की साध्या रेडिओसारखी खरखर वाढत जात नाही, तर आवाज एकदम बंद पडतो. पेनल्टीच्या क्षणी ही शांतता फार जाचक होते, आणि पुढचा सगळा खटाटोप त्या मर्यादेच्या वर राहण्यासाठीच आहे.

संच घेण्याआधी आपल्या मोटारीत पाहावे. मारुती सुझुकी, ह्युंदाई यांसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच मोटारींच्या रेडिओत गेल्या काही वर्षांपासून डीआरएम कारखान्यातूनच बसवलेले येते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. एएम पट्टा निवडून ८४६ च्या आसपास आले की पडद्यावर केंद्राचे नाव अक्षरांत उमटते का ते पाहावे. गाडी मोकळ्या मैदानात, वीजवाहक तारांपासून दूर उभी केली तर हीच आपली पहिली आणि बिनखर्चाची चाचणी ठरते.

घरासाठी स्वतंत्र डीआरएम संच मिळतात, पण ते साध्या रेडिओपेक्षा बरेच महाग असतात. घेताना तो एक्सएचई-एएसी ही नवी ध्वनिसंकेतन पद्धत उलगडू शकतो ना, हे विक्रेत्याकडून लेखी खात्री करून घ्यावे, कारण फक्त जुनी पद्धत जाणणाऱ्या संचावर संकेत पूर्ण दिसूनही आवाज येत नाही. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी आरटीएल-एसडीआर हा यूएसबीचा छोटा ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, आणि 'ड्रीम' हे डीआरएम उलगडणारे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, असे मी आग्रहाने सुचवेन. खर्च कमी होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेमके काय अडले आहे ते डोळ्यांना दिसते.

घरातला गोंगाट आधी शोधावा

माझे मत असे की बडोद्यासारख्या शहरात डीआरएम न लागण्याचे मुख्य कारण दुबळे प्रक्षेपण नसून आपल्याच भिंतींमधला विद्युत गोंगाट असतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर हे सगळे मध्यम लहरींच्या पट्ट्यातच भणभण सोडत असतात.

यासाठी पेन्सिल सेलवर चालणारा साधा मीडियम वेव्ह रेडिओ घ्यावा आणि तो जिथे कोणतेच केंद्र लागत नाही अशा वारंवारितेवर लावून आवाज थोडा वाढवावा. मग घरातला मुख्य स्विच बंद करावा. खरखर एकदम ओसरली तर दोषी घरातच आहे. स्विच पुन्हा चालू करून एकेक एमसीबी आणि नंतर एकेक उपकरण बंद करत जावे. आमच्याकडे असे करूनही एक ठरावीक गुरगुर जात नव्हती. ती रोज संध्याकाळी साडेसहाला सुरू होई आणि सकाळी थांबे. चार दिवस छोटा रेडिओ हातात घेऊन जिन्यात खाली-वर केल्यावर लक्षात आले की दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा, आपोआप लागणारा एलईडी दिवा हे तिचे मूळ आहे. रेडिओ त्याच्या खाली धरला की समोरचे बोलणे ऐकू येईना. शेजाऱ्यांना रेडिओ तिथेच धरून ऐकवला, त्यांनी दुसऱ्या दिवशी दिवा बदलला आणि प्रश्न मिटला. तक्रार करण्यापेक्षा ऐकवणे अधिक उपयोगी पडते, हे तेव्हापासून मी पाळतो.

लॅपटॉपचा चार्जरही याच टोळीतला आहे. सामना ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि यूएसबी ग्राहक लॅपटॉपला थेट न खोचता दोन-तीन मीटरच्या जोडतारेने दूर ठेवून तारेवर गोंगाट अडवणारा फेराइटचा चिमटा बसवावा.

लूप एरियल: साठ सेंटिमीटरची चौकट

घरातले दोषी बंद केल्यावरही शेजारपाजारचा गोंगाट उरतोच, आणि त्यावर लूप एरियलइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. लाकडाच्या दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या जोडून, चारही टोकांना खाचा पाडून, प्रत्येक बाजू साठ सेंटिमीटर भरेल असा चौकोन तयार करावा. त्यावर प्लास्टिक आवरणाची साधी तांब्याची तार, प्रत्येक वेढ्यात सहा मिलिमीटर अंतर राखून, बारा वेढे गुंडाळावी. त्यासाठी सुमारे तीस मीटर तार लागते. तारेची दोन टोके जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेल्या ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला, म्हणजे केंद्र लावताना फिरतो त्या कंडेन्सरला, जोडावीत. या मापांवर मीडियम वेव्हचा संपूर्ण पट्टा कंडेन्सरच्या फिरण्यात बसतो. आतल्या बाजूने एकच सुटा वेढा घालून त्याची टोके यूएसबी ग्राहकाच्या एरियलच्या खाचेत द्यावीत.

येथे डिजिटल श्रोत्याने एक काळजी घ्यावी लागते, ती साध्या रेडिओच्या श्रोत्याला लागत नाही. लूप फार तीक्ष्ण जुळला तर तो पाच-सहा किलोहर्ट्झचाच पट्टा नीट आत घेतो, डीआरएमच्या कडेच्या लहरी दबतात, आणि संकेत जोरदार दिसूनही आवाज जुळत नाही. तसे झाले तर कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये सुमारे १०० किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडावा. लूपचा जोर थोडा कमी होतो, पण पट्टा रुंद होतो.

लूपची कड ज्या दिशेला असते तिकडून तो सर्वाधिक ऐकतो आणि त्याच्या चौकोनाचे तोंड जिकडे असते तिकडचे जवळजवळ ऐकत नाही. या दुसऱ्या गुणाचा उपयोग अधिक आहे. केंद्राचा आवाज वाढवण्याच्या नादी न लागता गोंगाट सर्वांत कमी होईल असा कोन शोधावा. आमच्या गच्चीच्या फरशीवर खडूने तीन रेघा ओढलेल्या आहेत: अहमदाबादसाठी वायव्य-आग्नेय, राजकोटसाठी पूर्व-पश्चिम आणि मुंबईसाठी जवळजवळ दक्षिणोत्तर. पावसाळ्यात त्या पुसल्या जातात आणि दिवाळीला पुन्हा ओढल्या जातात.

ड्रीमवर संकेत जुळवणे

आरटीएल-एसडीआरच्या तिसऱ्या आवृत्तीवर मीडियम वेव्हसाठी सॉफ्टवेअरमध्ये 'डायरेक्ट सॅम्पलिंग'चा क्यू पर्याय निवडावा लागतो, चौथ्या आवृत्तीवर तो लागत नाही. ग्राहकाचे सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ एसडीआर प्लस प्लस, सुरू करून ८४६ च्या आसपासचा वर्णपट (स्पेक्ट्रम) पाहावा. साधे प्रक्षेपण मध्यभागी एक उंच टोक आणि दोन्ही बाजूंना हलणारी पिसे असे दिसते. डीआरएम मात्र सपाट माथ्याच्या, कडा सरळ कापलेल्या ओट्यासारखे दिसते. साधे आणि डिजिटल प्रक्षेपण एकत्र चालू असते तेव्हा हा ओटा मूळ टोकाला लागून शेजारीच उभा असतो आणि त्याची उंची टोकापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे घाईत तो नजरेतून सुटतो.

ओट्याच्या मध्यापासून सुमारे ६ किलोहर्ट्झ खाली वारंवारिता लावून यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड पद्धत निवडावी आणि गाळणी (फिल्टर) १२ किलोहर्ट्झ रुंद करावी. गोंगाट कमी करणारे सर्व पर्याय बंद ठेवावेत, कारण ते कानाला सुखावतात पण अंकांची मोडतोड करतात. आवाजाचा हा प्रवाह आभासी ध्वनितारेच्या (व्हर्च्युअल ऑडिओ केबल) सॉफ्टवेअरमधून ड्रीमला द्यावा आणि दोन्हीकडे नमुनादर (सॅम्पल रेट) ४८ किलोहर्ट्झच ठेवावा.

ड्रीमच्या खिडकीत तीन दिवे महत्त्वाचे असतात. एफएसी हिरवा झाला म्हणजे संकेताची ओळख पटली, एसडीसी हिरवा झाला म्हणजे केंद्राचे नाव आणि सेवांची माहिती वाचता आली, आणि एमएससी हिरवा झाला म्हणजे प्रत्यक्ष आवाजाचे अंक हाती आले. पहिले दोन हिरवे आणि तिसरा लाल-हिरवा होत असेल तर संकेत उंबरठ्यावर आहे आणि लूप थोडा फिरवल्याने काम होईल. तिन्ही पक्के हिरवे असूनही आवाज नसेल तर दोष एरियलचा नसून ध्वनिसंकेतनाचा आहे. अशा वेळी एक्सएचई-एएसी उलगडणारी ड्रीमची नवी आवृत्ती बसवावी. शेजारीच संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर डेसिबेलमध्ये दिसते. लहरींवर अंक चढवण्याची पद्धत १६ क्यूएएम असेल तर साधारण १० आणि ६४ क्यूएएम असेल तर साधारण १६ डेसिबेल लागतात. त्याहून तीन-चार अधिक हातात असल्याशिवाय सामन्याच्या भरवशाने बसू नये.

ही चाचणी सामन्याच्या आदल्या दिवशी, सामन्याच्याच वेळी घ्यावी. त्याच वेळी कार्यक्रमांचे वेळापत्रक पाहून समालोचन कोणत्या वाहिनीवर आहे याची खात्री करावी, कारण डीआरएमच्या एकाच संकेतात एकाहून अधिक सेवा असू शकतात आणि ड्रीममध्ये ती सेवा हाताने निवडावी लागते.

कोल्हापूरसाठी इंटरनेटची वाट

आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या 'न्यूज ऑन एआयआर' या अधिकृत ॲपवर ऐकता येतात आणि राष्ट्रीय स्पर्धांसाठी ती सोय पुरेशी आहे. कोलकात्याच्या बंगाली फुटबॉल समालोचनाची मोठी परंपराही दीड हजार किलोमीटरवरून दुपारी ऐकायची तर याच वाटेने ऐकावी लागते. कोल्हापूरच्या पेठांमधले सामने मात्र बहुधा स्थानिक यूट्यूब वाहिन्यांवर मराठी समालोचनासह येतात. काकांसाठी चित्राची गरज नाही, म्हणून फोनवर चित्राचा दर्जा सर्वांत खाली, १४४ वर ठेवावा. डेटा वाचतो आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपल्याकडचे इंटरनेट दुबळे झाले तरी आवाज तुटण्याचे प्रमाण कमी होते.

आवाजाच्या स्पष्टतेवर थोडा वेळ जरूर द्यावा. मैदानातला ढोल आणि आरडाओरडा खालच्या स्वरांत असतो, तर शब्द ओळखू येण्यासाठी लागणारी व्यंजने साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतात. मोठ्या बेसचा स्पीकर लावला की ढोल घुमतो आणि खेळाडूचे नाव हरवते. आम्ही बेस पूर्ण उतरवून मधले स्वर वाढवले आणि छोटा स्पीकर काकांच्या खुर्चीच्या उजव्या हाताशी, कानाच्या उंचीवर ठेवला, तेव्हा 'काय म्हणाला?' हा प्रश्न घरातून गेला.

आपल्या गल्लीतल्या किंवा महाविद्यालयाच्या सामन्याचे समालोचन स्वतः ऐकवावेसे वाटले तर तेही याच वाटेने करावे. बाजारात मिळणारा छोटा एफएम प्रक्षेपक परवान्याविना चालवणे बेकायदा आहे. फोनला हेडसेटचा मायक्रोफोन लावून थेट ध्वनिप्रवाह सुरू करणे सोपे आणि निर्धोक आहे, फक्त मायक्रोफोनवर फेसाची टोपी असावी, नाहीतर वाराच समालोचन करतो.

सगळे एकाच वेळी ऐकू येण्यासाठी

साधा मीडियम वेव्ह जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो. डीआरएमला आवाज अंकांत बांधायला आणि उलगडायला काही सेकंद लागतात. इंटरनेटचा प्रवाह कधी वीस सेकंद तर कधी मिनिटभरही मागे असतो. घरात एका खोलीत टीव्ही आणि दुसऱ्या खोलीत फोन चालू असेल तर गोल दोनदा होतो आणि दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याची मजा जाते. म्हणून आधी सर्वांत मागचा प्रवाह कोणता ते ओळखावे आणि थांबवून धरता येणारी साधने त्याच्याशी जुळवावीत. टीव्हीच्या बॉक्समध्ये चित्र रोखून धरण्याची सोय असेल तर सामना सुरू होण्याच्या शिट्टीला चित्र थांबवावे आणि तीच शिट्टी फोनवर ऐकू आली की सोडावे. मध्यंतरानंतर हे अंतर बदलते, त्यामुळे दुसऱ्या सत्राच्या शिट्टीला ते पुन्हा जुळवावे. आमच्याकडे हे काम पुतणीकडे आहे. काका शिट्टी ऐकताच हात वर करतात आणि ती बटण दाबते.